पिठावरचं पाऊल

बोरटाकळी, ता. पाथर्डी
२२ ऑक्टोबर १९७२

चि. रतन,

आशीर्वाद लिहितो. ते घ्यायचे की नाहीत हे तू ठरव.

तुझं पाकीट पोस्टमनने भर चावडीत दिलं. तिकिटावर बगळ्यासारखा पक्षी होता, तो बघायला माणसं गोळा झाली. बन्सीने विचारलं, "गहिनीनाथ, जपानातनं तुला कोन इचारतंय रं?" मी म्हणालो, आपल्या भीमाची रतन. त्यावर तो उठून गेला. माझा हा चुलत भाऊ तुला आठवत नसेल. आता तो सरपंच आहे.

अकरा वर्षांनी तुझं अक्षर दिसलं. तू बोर्डिंगातून पुण्याला गेलीस, जपानी शिकलीस, शिष्यवृत्तीवर तिकडे गेलीस, हे मला नगरच्या बोर्डिंगातल्या तुझ्या हन्नाबाईंकडून कळत होतं. तिथे जुन्या पुस्तकांतल्या भुतांचा अभ्यास करतेस हे मात्र तुझ्याच पत्रातून कळलं. तुझ्या चुलतीला वाचून दाखवलं. लंकाबाई म्हणाली, "भुतं बघाया येवढ्या लांब गेली व्हय? हितं काय कमी हायेत?" ती हसत नव्हती.

आपल्याकडची भुतं लिहून पाठवा म्हणतेस, तर लिहितो. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. वेताळ शिवेवर असतो, त्याला गाव घाबरतं आणि मानतंही. बाळंतपणात किंवा मनात काही धरून गेलेली बाई हडळ होते. हडळीची पावलं उलटी असतात, टाच पुढे आणि बोटं मागे. बाकी सगळं बाईसारखंच, म्हणून आधी पायाकडे बघायचं असं आम्हाला लहानपणीच शिकवतात.

आता मळ्यातल्या विहिरीची गोष्ट. बोर्डिंगातल्या मुलींनी ती तुला तुझ्या आईची म्हणून सांगितली, आणि तू ती पुस्तकात घेणार आहेस. गावात सांगतात ते असं. भीमा एकाएकी पोटात कळ येऊन गेला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोच्या अंगात संचारलं, ती पळत सुटली आणि विहिरीत पडली. तेव्हापासून ती विहीर सोडून दिली आहे. भर दुपारी तिच्यात बांगड्या वाजतात. मी ऐकलं तसं लिहिलं.

तिचं नाव मात्र पुस्तकात घालू नकोस.

इकडे पाऊस झालाच नाही. बैलजोडी घोडेगावच्या बाजारात नेली होती, ती कुणी न विचारता परत आणली.

तुझा,
तात्या


३ डिसेंबर १९७२

चि. रतन,

तू फौजदारासारखे प्रश्न विचारतेस. उलटी पावलं पहिल्यांदा कुणी पाहिली, कशावर उमटली होती, किती वाजता, तेव्हा घरात कोण होतं. तुझ्या प्रोफेसरांनी असंच विचारायला शिकवलं असेल. जपानी पुस्तकांत बायकांची भुतं अन्याय करणाऱ्याला शोधत परत येतात आणि त्याचा जीव घेतात, म्हणून आमच्या विहिरीतली हडळ कुणाच्या मागावर आहे हे तुला हवं आहे. मग तू सहज लिहिलंस की तिकडच्या चित्रांत भुतांना पाय काढत नाहीत, कमरेखाली नुसता धूर असतो.

ते वाचून मी पत्र मिटलं आणि गोठ्यात जाऊन बसलो. आमच्या लोकांनी भुताला पाय दिले नसते, तर तुझी आई आज असती.

ती विहिरीत पडली नाही.

माणूस गेला की त्या संध्याकाळी, जीव गेला त्या जागी पीठ पसरायची आपल्यात चाल आहे. मधोमध दिवा लावायचा, त्यावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालायचं आणि दार ओढून घ्यायचं. पहाटे घरातलं जाणतं माणूस डालगं काढून बघतं. पिठावर चिमणीचा पाय उमटला असेल तर जीव चिमणीच्या जन्माला गेला, रेघ असेल तर सापाच्या. भीमाला जाळून आलो त्या संध्याकाळीही पीठ पसरलं. घरात तुझी आई आणि तू, बाकी आम्ही सगळे अंगणात होतो. पहाटे दार उघडलं तर पिठाच्या कडेला माणसाचं पाऊल, आणि तिथून दारापर्यंत शेणाच्या जमिनीवर पांढरे ठसे, फिकट होत गेलेले. चालणारा दाराकडे गेला होता, पण प्रत्येक ठशाची टाच दाराकडे आणि चवडा दिव्याकडे.

माझ्या आईने किंकाळी फोडली. रंगुबाई, तुझी आजी. "नवरा खाल्ला, आता जीव बी खाल्ला त्याचा!"

उन्हं वर आली तशी तुझ्या आईला, मनकर्णाला, गोठ्यातल्या मेढीला बांधलं. शेजारच्या गावातून देवऋषी आणला. तुझ्या तिकडच्या नाटकातलं भूत वाटेवर भेटलेल्या संन्याशाला आपण होऊन आपलं दुःख सांगतं, तो बसून ऐकतो, आणि मग ते सुटतं, असं तू लिहिलंस. आमच्याकडे भुताला मारून बोलतं करतात. आधी मिरच्यांची धुरी दिली. मग चिंचेचे ओले फोक आणले. ते तुटले तेव्हा बैलाचा कासरा घेतला. "नाव सांग! कुटली हायेस?" असं देवऋषी ओरडत होता, आणि ती म्हणत होती, "म्या मनकर्णा हाय. दुसरी कुनी न्हाई." हे उत्तर त्यांना नको होतं. तिने पाय पुढे केले. "बघा की, सरळ हायेत पाय." बन्सीने तिचे घोटे धरून पिरगाळले. हाड मोडल्याचा आवाज आला. तो म्हणाला, "आमाला सरळ दिसत्यात हीच तर हिची करनी."

मंत्र म्हणता येऊ नये म्हणून दात पाडले. वरवंटा रंगुबाईने आतून आणून दिला.

दुपार व्हायच्या आत ती गेली. मग विहिरीत टाकली, आणि पाय घसरून पडली असं तालुक्याला कळवलं.

मी तिथे नव्हतो. तू चार वर्षांची होतीस. तुला कडेवर घेऊन मी मळ्यात गेलो होतो.

विहिरीतली बाई कुणाच्या मागावर नाही. तसं पुस्तकात लिही.

तात्या


१४ जानेवारी १९७३

चि. रतन,

आज संक्रांत. लंकाबाईने तीळ आणले नाहीत, रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या भाकरीबरोबर गूळ खाल्ला. सकाळी कानिफनाथांच्या फोटोसमोर बसलो, पण पोथी उघडली नाही. तुझं पत्र खिशात होतं.

तू बरोबर पकडलंस. मी तिथे नव्हतो, तर ती काय म्हणाली आणि बन्सी काय म्हणाला हे मला कसं ठाऊक? आणि दुसरं तू विचारलंस: भूत नव्हतं तर पाऊल कुणाचं?

पाऊल माझं होतं.

संध्याकाळी पीठ मीच पसरलं. गावात मराठी फायनल झालेला मी एकटा, देवळात पोथी मी वाचायचो, म्हणून अशी कामं माझ्याकडे येत. डालगं घालून बाहेर आलो. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून दिवा फडफडताना दिसला. दिवा विझला तर भीमाला वाट दिसायची नाही, म्हणून वात सारायला मी एकटा आत गेलो. अंधार पडत होता, आणि अंगणाच्या टोकाला बसलेल्या कुणाचं लक्ष नव्हतं. पिठाच्या कडेवर पाय पडला हे मला कळलं नाही. वात सारली, हात जोडले, आणि देवाच्या गाभाऱ्यातून निघतात तसा, दिव्याला पाठ न दाखवता, मागे मागे चालत बाहेर आलो. तिथे माझ्या भावाचा जीव होता. त्याला पाठ दाखवायची माझी छाती नव्हती.

उलट्या पावलांची हडळ ती एवढीच.

हे मला नंतर समजलं असं लिहायचा विचार होता. दोन दिवस तसंच लिहीत आणि फाडत होतो. खरं म्हणजे पहाटे दार उघडताच मला समजलं. माझ्या उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लहानपणी गाडीच्या चाकाखाली गेलं आहे. पिठात तीनच बोटं उमटली होती; पुढच्या फिकट ठशांत बोटं दिसतच नव्हती. मी सगळ्यांत पुढे होतो, मागे आई, तिच्या मागे बन्सी. दिव्याजवळ जिवंत माणसाचं पाऊल पडलं तर मेलेल्याचा जीव अडकतो, असं आम्ही मानतो. भीमाला मी अडकवलं हे आईला कळेल, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. मी वाकलो, नीट बघतो असं दाखवलं, आणि तळहाताने बोटं पुसून टाकली.

बोटं पुसली तसं पाऊल लहान झालं.

बन्सी मागून म्हणाला, "बाईचं हाय की रं हे! तू शिकल्याला हायेस, तू सांग."

मी म्हणालो, "व्हय. बाईचं दिसतंय."

एवढंच बोललो, रतन. मी फोक उचलला नाही आणि कासरा धरला नाही. चार तडाखे बसतील, देवऋषी कोंबडं घेऊन जाईल आणि संपेल, असं मला वाटलं. असं आधी दोनदा गावात झालेलं मी पाहिलं होतं. त्या बायका जगल्या होत्या.

मी तिथे होतो. गोठ्याच्या दारात, तुला कडेवर घेऊन. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही, पदर खाली ओढून बाजूला होते. पाच वर्षांत मनकर्णाचा आवाज मी नीट ऐकला नव्हता. पाय मोडल्यावर तिचा पदर गळून पडला, तिने माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "थोरलं धनी, वात साराया तुमीच गेल्ता. म्या चुलीपासनं बघितलं. तुमीच मागं मागं चालत निगालात. सांगा की त्यास्नी. सांगा!"

सगळे माझ्याकडे वळले. मी गप्प राहिलो.

देवऋषी म्हणाला, "बघा, भूत कसं हुशार हाय. आता थोरल्यावर आळ घेतंय. लई बोलाया लागलं, त्वांड बंद करा."

दात त्यानंतर पाडले. आधी कुणाच्या मनात नव्हतं.

मग मी तुला घेऊन मळ्याकडे निघालो. तिचा आवाज बांधापर्यंत येत होता. तू विचारलंस, "आई का वरडती?" मी म्हणालो, "तिचा दात दुखतोय."

पुढल्या महिन्यात तुला नगरच्या बोर्डिंगात सोडलं. पोरगी शिकेल असं सगळ्यांना सांगितलं. तू झोपेत "आईचा दात" म्हणायचीस, ते मला घरात ऐकवत नव्हतं.

तात्या


११ मार्च १९७३
नगर, सरकारी दवाखाना

चि. रतन,

तुझ्या पत्राला मायना नव्हता. चार ओळी होत्या. मला लिहून काय होणार, ती ज्यांच्यासमोर ओरडली त्यांच्यासमोर बोला, मग पुढचं पत्र पाठवा. बरोबर आहे. तेव्हा पाठवतो. डावा हात आणि तीन बरगड्या मोडल्या आहेत, लिहिता हात शाबूत आहे.

गावच्या तिन्ही विहिरी आटल्या. माणसं दिवसभर रोजगाराच्या कामावर खडी फोडतात आणि संध्याकाळी टँकरमागे धावतात. ओल असलीच तर मळ्यातल्या त्या विहिरीत. गाळ काढायचं ठरलं आणि सकाळी सगळं गाव काठावर जमलं. उतरायला कुणी तयार होईना. बन्सी म्हणाला, बकरं कापू. मी दोर कमरेला बांधला आणि म्हणालो, बकऱ्याची गरज नाही, खाली कुणी नाही. मग तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. पीठ, वात, मागे मागे चालत निघालेला मी, पुसलेली बोटं. पायातली वहाण काढून पाय दाखवला. बन्सीचं नाव घेतलं, माझ्या मेलेल्या आईचं घेतलं, माझंही घेतलं. शेवटपर्यंत कुणी मला अडवलं नाही. मला वाटलं, झालं, सुटलो.

तेवढ्यात बन्सी म्हणाला, "वळकला का आवाज? मनकर्णा बोलतीया त्येच्या तोंडातनं."

मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय, व्हय! बावीस सालं गप हुतं आन् आज हिरीवर आल्याबरुबर बोललं."

"तवा बी ह्येच म्हनत हुती ती. शबुद न् शबुद तोच!"

हे खरंच होतं. शब्द तेच होते. तेव्हा गोठ्यात असलेली आठ-दहा माणसं अजून जिवंत आहेत. त्यांना तिचं वाक्य वाक्य पाठ होतं. इतकी वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं आणि माझ्या तोंडून निघताच ओळखलं. पण भुताचं म्हणून.

मला विहिरीवरच्या बाभळीला बांधलं. त्या देवऋषीचा मुलगा आता ते काम करतो. मिरच्यांच्या धुरीत श्वास घेता येत नाही, रतन, आणि ओरडायला श्वास लागतो. ती एवढं मोठ्याने कशी बोलली असेल कोण जाणे. "नाव सांग!" मी म्हणालो, गहिनीनाथ. "खोटं बोलतंय!" फोक बसला. परत नाव, परत फोक. पाठीचं कातडं सोललं तेव्हा एकदा मनात आलं की मनकर्णा म्हणून टाकावं, म्हणजे थांबतील. ते मी म्हणालो नाही. माझ्या हातून झालेलं बरं एवढंच आहे, आणि ते फार लहान आहे.

बन्सीने कुदळीचा दांडा घेतला होता. तो भुताला मारत नव्हता. मला मारत होता. त्याच्या डोळ्यांत मला दिसत होतं की त्याला सगळं ठाऊक आहे. पहिल्या फटक्याला हात गेला, दुसऱ्याला बरगड्या.

लंकाबाई कामावरून खडीची पाटी टाकून धावत आली आणि माझ्या अंगावर पडली. "नवरा हाय माजा! तीस वर्सं आवाज ऐकतीया म्या ह्येचा! मला सांगता व्हय कुनाचा आवाज हाय त्यो?" दोन फटके तिच्या पाठीवर बसले. कामावरचा मुकादम मागोमाग आला, म्हणून आम्ही सुटलो. त्याने ट्रकमध्ये घालून इथे आणलं.

विहिरीत कुणी उतरलंच नाही. तिच्या तोंडावर बाभळीचे काटे टाकले आहेत म्हणे. गाव अजून टँकरची वाट बघतं.

हन्नाबाई रोज डबा घेऊन येतात. त्यांनी तुला तार करायची का विचारलं. मी नको म्हणालो. तुझं काम एप्रिलअखेर द्यायचं आहे, हे मला ठाऊक आहे.

गहिनीनाथ


८ एप्रिल १९७३
नगर

चि. रतन,

तू 'तात्या' लिहिलंस. मी ते वाचून बाजूला ठेवलं, त्यावर माझा हक्क धरत नाही.

तू विचारलंस, पुस्तकात ही गोष्ट कशी घालू. भुतांच्या प्रकरणात ती बसत नाही, आणि वगळली तर विहिरीतली हडळ तशीच राहते. नावं बदलू का, गाव बदलू का, असंही विचारलंस.

काठीच्या आधाराने चालायला लागल्यावर मी पोलीस ठाण्यात जाऊन आलो. फौजदार तरुण आहे, पाणी दिलं, बसवलं. सगळं ऐकून म्हणाला, "बाबा, तुमच्या गावाने आधीच कळवलंय, तुमच्या अंगात येतं म्हणून. कशाला पुन्हा मार खाता?" कागद पुढे ओढला नाही. गावात मी जे बोलेन ते आता तिचं भूत बोलेल. जपानातली माणसं मला ओळखत नाहीत, माझा आवाजही त्यांनी ऐकलेला नाही. तिथे हे माणसाचं म्हणून वाचलं जाईल. म्हणून खालचा मजकूर आहे तसा घे. नावं बदलू नकोस. सगळ्यांत आधी माझं घाल, बन्सीचं नंतर. त्याने विचारलं होतं, उत्तर मी दिलं.

मजकूर असा:

मी, गहिनीनाथ रावजी, वय एकोणपन्नास, राहणार बोरटाकळी, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर, शुद्धीवर लिहून देतो की माझा धाकटा भाऊ भीमा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पिठावर माझं पाऊल होतं. ते मी ओळखलं, पुसलं आणि बाईचं म्हणून सांगितलं. त्यावरून त्याची बायको मनकर्णा हिला बांधून मारलं. त्या सकाळी तिच्या अंगात कुणी नव्हतं. गोठ्यात जे बोललं गेलं ते शेवटपर्यंत तीच बोलत होती, आणि तिचा शब्द न् शब्द खरा होता.